सहाव्या आठवड्यापर्यंतची सोबत : परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या मेंटॉर योजनेचे परीक्षण

प्रवेश निश्चित झाल्यापासून विमानात बसेपर्यंत विद्यापीठाकडून ईमेलांचा जो मारा होतो, त्यातली शुल्क, वसतिगृह, विमा आणि व्हिसा यांची पत्रे आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो आणि उरलेली ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवतो. मेंटॉर योजनेचे पत्र या उरलेल्यांत असते. वरच्या वर्षातील एखादा विद्यार्थी सोबतीला हवा आहे का, एवढाच त्यातला प्रश्न होता. मी होकार कळवला, पण त्यामागे फारसा विचार नव्हता. फुकट मिळणारी गोष्ट नाकारू नये, एवढाच व्यवहार होता. पुढे एक वर्ष मी या योजनेत मेंटी, म्हणजे मदत घेणारी नवखी विद्यार्थिनी, म्हणून होते आणि त्यानंतरचे वर्ष मेंटॉर म्हणून. मदत घेण्याचा आणि करण्याचा असे दोन्ही अनुभव गाठीशी आल्यामुळे हे परीक्षण लिहीत आहे. विद्यापीठाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण काही तक्रारी कडक आहेत आणि याच साच्यातली योजना अनेक विद्यापीठांत चालते.

आधी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे, कारण माहितीपत्रकांत तीन निरनिराळ्या गोष्टी बऱ्याचदा एकाच नावाखाली खपवल्या जातात. पहिली म्हणजे ‘बडी’ पद्धत. युरोपात इरॅस्मस हे विद्यापीठांमधले विद्यार्थ्यांचे आदानप्रदान १९८७ मध्ये सुरू झाले, १९८९ मध्ये विद्यार्थ्यांनीच इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क ही संघटना उभी केली आणि नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याची तिथल्या विद्यार्थ्याशी जोडी लावण्याची पद्धत तिने अनेक ठिकाणी रुजवली. तिचा भर ओळखीपाळखी, भटकंती आणि भाषेचा सराव यांवर असतो. दुसरी म्हणजे सहाध्यायांनी चालवलेले अभ्यासगट. १९७३ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत डिआना मार्टिन यांनी ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ सुरू केले, त्याचीच रूपे ऑस्ट्रेलियात ‘पास’ आणि ब्रिटनमध्ये ‘पाल’ या नावांनी चालतात. तिथे कच्चा विद्यार्थी हुडकला जात नाही, तर अवघड विषय निवडून त्याचा गट सर्वांसाठी खुला ठेवला जातो, आणि ही युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. तिसरी गोष्ट म्हणजे खरी मेंटॉर योजना : एक अनुभवी विद्यार्थी, एक किंवा काही नवखे विद्यार्थी, ठरावीक मुदत आणि ठरावीक मर्यादा. मी लिहीत आहे ते या तिसऱ्या प्रकाराबद्दल. ‘मेंटॉर मिळाला, पण उपयोग झाला नाही’ असे सांगणारे जे विद्यार्थी मला भेटले, त्यांच्यापैकी बहुतेकांना प्रत्यक्षात पहिली किंवा दुसरी गोष्ट हवी होती, आणि हा दोष मी त्यांना न देता माहितीपत्रक लिहिणाऱ्यांना देते.

जोडी लावण्यासाठी जो अर्ज भरून घेतात, त्यात विषय, अवगत भाषा, आवडीनिवडी, मेंटॉर स्त्री असावी की पुरुष, आणि तो आपल्याच देशाचा असावा का, असे प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नावर मी क्षणाचाही विलंब न लावता ‘हो’ लिहिले. मला मिळालेली मेंटॉर मात्र भलत्याच देशाची, माझी भाषा न जाणणारी आणि माझ्याप्रमाणेच बाहेरून शिकायला आलेली होती. तेव्हा मी नाराज झाले होते. आज मला ती निवड योजनेतली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास करणारे स्टीफन बॉक्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये अशी मांडणी केली होती की, या विद्यार्थ्यांभोवती साधारण तीन वर्तुळे तयार होतात : आपल्या देशाच्या माणसांचे, ज्यात मन मोकळे करता येते, यजमान देशाच्या माणसांचे, जे शिक्षण आणि कामकाज मार्गी लावण्यासाठी लागते, आणि इतर देशांतून आलेल्यांचे, जे मुख्यतः करमणुकीपुरते असते. माझा अनुभव या तिसऱ्या वर्तुळाला बॉक्नर यांच्यापेक्षा बराच जास्त मान देणारा आहे. यजमान देशाचा विद्यार्थी कितीही सज्जन असला, तरी आपल्याला नेमके काय ठाऊक नाही हे त्याला ठाऊक नसते, कारण ती गोष्ट त्याला कधी शिकावीच लागलेली नसते. आपल्या देशाचा सीनियर आपली अडचण अर्ध्या वाक्यात ओळखतो, पण त्याच्याशी आपण आपल्याच भाषेत बोलत राहतो आणि त्याच्या तक्रारी आपल्या होऊन बसतात. तिसऱ्याच देशातून आलेल्या माणसाला आपले घर ठाऊक नसते. आपली अडचण मात्र त्याने स्वतः भोगलेली असते. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते.

पहिली भेट ग्रंथालयाच्या तळमजल्यावर, प्रिंटरांच्या रांगेशेजारच्या टेबलावर झाली. कार्यालयाने पाठवलेली ‘पहिल्या भेटीत विचारावयाचे प्रश्न’ अशी यादी तिने आणली होती. ती तिने पालथी घालून ठेवली आणि म्हणाली, “जे विचारायची लाज वाटते ते आधी सांग, बाकीचे संकेतस्थळावर आहे.” मी थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारले की, वेळापत्रकात प्राध्यापकांच्या नावापुढे ‘ऑफिस अवर्स’ म्हणून मंगळवारचे दोन तास दिले आहेत, तर त्या वेळेत त्यांना त्रास देऊ नये असा त्याचा अर्थ आहे का. हसेल असे वाटले होते. ती हसली नाही. तिने पहिले अख्खे सत्र नेमका तोच अर्थ धरून चालवले होते, आणि तिच्या गटातल्या आणखी दोघांनीही. ते दोन तास विद्यार्थ्यांना भेटण्यासाठीच राखलेले असतात, भेटीची वेळ आधी घ्यावी लागत नाही आणि तयार प्रश्न नसला तरी जाता येते, हे तिने सांगितले. पण नुसते सांगून ती थांबली नाही. त्या दिवशी मंगळवारच होता. ती मला तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली, अर्धवट उघड्या दारापाशी थांबली, ‘मी इथे बाकावर बसते’ असे खुणेने सांगून मागे सरली आणि मी आत गेले. आतले बोलणे दहा-बारा मिनिटांचे असेल आणि त्यात ज्ञानात भर पडेल असे काही घडले नाही. पण दार ठोठावण्याचा प्रश्न त्या दिवशी कायमचा सुटला.

याच भेटींच्या ओघात तिने माझ्याकडून एक ईमेल मोठ्याने वाचून घेतला. प्राध्यापकांना एका प्रकरणाबद्दल शंका विचारायची होती, आणि मी लिहिलेल्या अकरा ओळींपैकी पहिल्या चार ओळी वेळ घेतल्याबद्दलच्या दिलगिरीच्या, शेवटच्या तीन आगाऊ आभाराच्या होत्या. मूळ शंका मधल्या चार ओळींत कुठेतरी दडलेली होती. “तुझा प्रश्न कोणत्या ओळीत आहे?” एवढेच तिने विचारले. मी बोट ठेवल्यावर ती ओळ वर घ्यायला सांगितली. बाकीचे काय ठेवायचे आणि काय काढायचे हे तिने माझ्यावर सोडले. आदर दाखवण्याची आपली पद्धत चुकीची आहे असे तिने कुठेही सुचवले नाही, याची मी आवर्जून नोंद करते, कारण हे भान प्रत्येकाला असतेच असे नाही.

पहिल्या निबंधाला १०० पैकी ५८ गुण मिळाले तेव्हा मात्र माझा धीर सुटला. आयुष्यात एवढे कमी गुण कधी पाहिले नव्हते. जिथे ७० गुणांना प्रथम श्रेणी मिळते आणि ८० च्या वर सहसा कोणी जात नाही अशा गुणपद्धतीत ५८ चा अर्थ काय, हे नियमपुस्तिकेत लिहिलेले होते आणि मी ते वाचलेही होते. पण वाचलेले आणि पचलेले यांत फरक असतो. मेंटॉरने माझी समजूत काढण्याऐवजी स्वतःचा लॅपटॉप उघडला, जुन्या फोल्डरांत शोधून आपला पहिला निबंध माझ्यासमोर ठेवला. त्यावर ५४ हा आकडा होता आणि समासात ‘हे तुमचे मत आहे की लेखकाचे?’ असा एकच शेरा तीन ठिकाणी होता. माझ्याही निबंधावर अगदी त्याच अर्थाचा शेरा होता. समुपदेशकाने, प्राध्यापकाने किंवा आईवडिलांनी शंभर वेळा ‘होईल सगळे ठीक’ म्हटले असते, तरी त्या ५४ ची सर आली नसती. सहाध्यायी मेंटॉरजवळ पदवी नसते, अधिकार नसतो, मानसशास्त्राचे प्रशिक्षण नसते. त्याच्याजवळ असतो तो नुकताच होऊन गेलेला, अजून ओला असलेला अनुभव, आणि तो उघडून दाखवण्याची तयारी असेल तरच योजनेला अर्थ उरतो.

इथेच एक मर्यादाही सांगितली पाहिजे. पुढचा निबंध तपासून दे, अशी विनंती मी केली तेव्हा तिने स्पष्ट नकार दिला. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडणे आणि त्याच्या वाक्यातले चार शब्द बदलणे यांतला फरक तिने एका परिच्छेदावर पेन्सिलीने खुणा करून दाखवला, संदर्भ कुठे द्यायचा हे समजावले, पण माझ्या निबंधातल्या एका वाक्यालाही हात लावला नाही. मूल्यमापनासाठी द्यायचे लेखन मेंटॉरने दुरुस्त केले तर ते शैक्षणिक गैरवर्तनात मोडू शकते आणि दोघेही अडचणीत येतात. मर्यादा योग्यच आहे. पण ती योजनेच्या पहिल्या पत्रात ठळकपणे लिहिलेली असायला हवी होती. ती ऐनवेळी मेंटॉरच्या तोंडून ऐकावी लागते, त्यामुळे नकार व्यक्तीचा वाटतो, नियमाचा वाटत नाही. माझ्या ओळखीतल्या दोन जोड्या याच मुद्द्यावर फिसकटल्या.

आता मुख्य तक्रारीकडे वळते, आणि ती वेळापत्रकाची आहे. योजनेनुसार ओरिएंटेशनच्या आठवड्यात दोन भेटी, पुढे सहाव्या आठवड्यापर्यंत आठवड्याला एक भेट, आणि त्यानंतर ‘गरजेप्रमाणे’. कागदावर हे नीटनेटके दिसते. पहिल्या सहा आठवड्यांत मला मदत लागली, पण मी कोसळले नव्हते. सगळेच नवे असल्याने नवेपणाची भीड वाटत नव्हती, आणि प्रत्येक जण एकमेकांना नाव विचारत होता. खरी पडझड दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला झाली. सुट्टी संपली होती, ओळखीचे गट पक्के होऊन मिटले होते, आणि ‘आता तर तू रुळली असशील’ असे सगळेच गृहीत धरू लागले होते. घरी फोन करताना मी खोटे बोलू लागले, हे माझे मलाच उशिरा लक्षात आले. तोवर मेंटॉर योजना ‘गरजेप्रमाणे’च्या पायरीवर पोहोचली होती, आणि गरज आहे हे स्वतःहून कळवण्याचे बळ त्या दिवसांत माझ्यात उरले नव्हते.

हा काही माझ्या एकटीचा विक्षिप्तपणा नव्हे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या अनुभवांवरून असे मांडले की, जुळवून घेण्याचा आलेख इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा असतो आणि त्याचा तळ साधारणपणे सहा ते अठरा महिन्यांच्या मुक्कामात दिसतो. मानवशास्त्रज्ञ कालर्वो ओबर्ग यांचा ‘कल्चर शॉक’वरचा, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या धक्क्यावरचा, १९६० मधला प्रसिद्ध लेखही आरंभीच्या मधुचंद्रानंतर येणाऱ्या संकटाबद्दलच बोलतो. पुढे या वक्ररेषेवर बरीच टीका झाली. कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकायला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा वर्षभर पाठपुरावा केला आणि १९९८ मध्ये दाखवून दिले की, तिथे मधुचंद्र वगैरे काही नव्हता. सर्वाधिक मानसिक ताण अगदी पोहोचल्या पोहोचल्याच होता. दोन्ही निष्कर्ष समोरासमोर ठेवले तर कोणाचे बरोबर हे ठरवण्याची गरज मला वाटत नाही. एकाचा तळ पहिल्या दिवशी असतो, दुसऱ्याचा आठव्या महिन्यात. अशा परिस्थितीत सर्वांना सरसकट सहा आठवड्यांची मात्रा देणारे वेळापत्रक विद्यार्थ्यांच्या सोयीचे नसून कार्यालयाच्या सोयीचे असते. भेटी वाढवाव्यात असे माझे म्हणणे नाही. त्याच सात-आठ भेटी वर्षभर पसरवाव्यात, आणि दुसऱ्या सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात मेंटीने हाक मारण्याची वाट न पाहता मेंटॉरने स्वतः एक भेट ठरवावी, एवढेच.

दुसऱ्या सत्रात आणखी एक प्रकार घडला. अखेर धीर करून मी मेंटॉरला संदेश पाठवला, तर उत्तर आले नाही. तीन आठवड्यांनी कळले की, ती प्रशिक्षणार्थी म्हणून दुसऱ्या शहरात कामाला गेली होती, तिने ते कार्यालयाला रीतसर कळवलेही होते, पण माझ्यापर्यंत ते कोणी पोहोचवले नाही आणि योजनेच्या ॲपवर आमची जोडी शेवटपर्यंत ‘सक्रिय’ दिसत राहिली. समन्वयकांना लिहिल्यावर आपोआप जाणारे पोचपावतीचे उत्तर आले. त्यानंतर आठवड्याभराने आला तो ‘या योजनेबद्दल आपण किती समाधानी आहात’ असे विचारणारा अर्ज. मी तो भरला. रिकाम्या चौकटीत घडलेला प्रकार लिहिला. त्यावर उत्तर आले नाही, आणि वर्षअखेरीच्या अहवालात समाधानाचे आकडे मात्र छापून आले.

अशा आकड्यांकडे थोडे सावधपणे पाहावे लागते. या योजनांचा उपयोग होतो असे सांगणारे संशोधन नाही असे नव्हे. मार्विन वेस्टवूड आणि मिशेल बार्कर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यजमान देशाच्या विद्यार्थ्यांशी जोडी लावलेल्या परदेशी विद्यार्थ्यांची शैक्षणिक कामगिरी इतरांपेक्षा सरस आणि शिक्षण सोडण्याचे प्रमाण कमी आढळले होते. पण जो विद्यार्थी स्वतःहून अर्ज भरतो, वेळेवर भेटायला येतो, तो मुळातच थोडा अधिक बोलका आणि धडपड्या असण्याची शक्यता असते. त्याचे भले योजनेने केले की त्याच्या स्वभावाने, हे वेगळे काढणे कठीण जाते. ज्याला योजनेची सर्वांत जास्त गरज असते तो तिचा ईमेल उघडतच नाही, हे मी मेंटॉर झाल्यावर चांगलेच अनुभवले.

मेंटॉर होण्यासाठी दोन अर्ध्या दिवसांचे प्रशिक्षण होते. त्यातला नाट्यप्रवेशासारखा भाग, ज्यात एकाने रडवेल्या मेंटीची आणि दुसऱ्याने समजूतदार मेंटॉरची भूमिका करायची, तो मला निव्वळ वेळेचा अपव्यय वाटला. सगळे जण हसू दाबत होते. उपयोगी ठरला तो एक कागद. कोणता प्रश्न कोणत्या खिडकीवर न्यायचा, ती कधी उघडी असते, रात्री कोणाला फोन करायचा, आणि मेंटीने सांगितलेली गोष्ट कोणालाही न सांगण्याचे वचन कोणत्या प्रसंगी पाळायचे नाही, म्हणजे त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, हे त्यावर साध्या भाषेत लिहिलेले होते. मी तो कागद वर्षभर पिशवीत ठेवला. त्याच्या घड्या आता फाटल्या आहेत.

मला पाच मेंटी मिळाले. दोघांनी एकाही संदेशाला उत्तर दिले नाही. तिसऱ्याने पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारला, सेमिनारमध्ये बोलायला हात वर करायचा की सरळ बोलायला सुरुवात करायची, त्याचे उत्तर घेतले, आभार मानले आणि पुन्हा कधी आला नाही. तो योजनेच्या नोंदीत ‘अर्धवट सोडलेला’ म्हणून मोजला गेला, माझ्या मते तो पूर्ण यशस्वी होता. चौथी नियमित येत राहिली आणि हळूहळू तीच मला नव्या गोष्टी सांगू लागली. पाचवा दिवसाला दहा-बारा संदेश पाठवायचा. वॉशिंग मशीनच्या बटणांपासून भाडेकराराच्या कलमांपर्यंत सगळे तो मलाच विचारायचा, उत्तराला तासभर उशीर झाला तर रुसायचा, आणि माझ्या स्वतःच्या परीक्षेच्या आठवड्यात मी फोन बंद ठेवला तेव्हा मला अपराधी वाटले. या नात्याला सीमा कशी घालायची हे प्रशिक्षणात एका वाक्यात उरकले होते. शेवटी मीच एक रीत काढली : तो विचारील त्या प्रश्नाचे उत्तर न देता, ‘हे तू कुठे शोधशील?’ असे उलट विचारायचे आणि शोधताना शेजारी बसायचे. महिन्याभरात संदेश निम्म्यावर आले. त्याला राग आला असेल. पण परीक्षा झाल्यावर त्याने दुसऱ्या एका नवख्या मुलीला भाड्याची अनामत परत कशी मागायची हे समजावताना मी ऐकले, आणि मला फार बरे वाटले.

माझी स्वतःची एक चूकही लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरेल. एका मेंटीने शिकत असताना आठवड्याला किती तास काम करता येते हे विचारले आणि मी माझ्या वर्षीचा आकडा ठोकून दिला. तो जुना झाला होता. सुदैवाने तिने दुसरीकडे खात्री करून घेतली, म्हणून निभावले. हे नियम सारखे बदलतात : ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून सत्रकाळातली मर्यादा पंधरवड्याला ४८ तास केली, तर कॅनडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये विद्यापीठाबाहेरच्या कामाची मर्यादा आठवड्याला २० वरून २४ तासांवर नेली. शिवाय ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशांत व्हिसाविषयक सल्ला कोणी द्यावा यावर कायद्याचेच बंधन आहे. विद्यार्थ्याने सद्भावनेने दिलेला सल्लाही त्याला अपवाद नाही. सीनियरची आठवण ही मेंटॉर योजनेची पुंजी आहे, पण व्हिसाच्या बाबतीत तीच आठवण घातक ठरते. ‘हे मला सांगता येणार नाही, चल, त्या खिडकीवर जाऊ’ हे वाक्य प्रशिक्षणात पाठ करून घ्यायला हवे. आमच्याकडून ते कोणी करून घेतले नाही.

मानधनाचा विषय टाळता येत नाही. परदेशी विद्यार्थी बहुतेक ठिकाणी स्थानिकांपेक्षा बरेच जास्त शुल्क भरतात, आणि त्यांना रुळवण्याचे काम मात्र त्यांच्यापैकीच काही जण प्रमाणपत्रावर करतात. मला पैशांची अपेक्षा नव्हती. तरीही पाच माणसांचा भार, त्यातले रात्रीचे फोन आणि कार्यालयाचे मौन हे सगळे ‘स्वयंसेवा’ या एका शब्दात गुंडाळले जाते तेव्हा ते खटकते. निदान मेंटॉरांसाठी महिन्यातून एक बैठक ठेवली असती, जिथे आम्ही आपापसांत अडचणी बोललो असतो, तरी पुष्कळ झाले असते. आम्ही ती वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात स्वतःच सुरू केली. योजनेने दिलेल्या कोणत्याही साहित्यापेक्षा मला त्या बैठकांचा जास्त उपयोग झाला.

कोणी विचारले तर मी या योजनेला पाचपैकी साडेतीन तारे देईन : जोडीच्या निवडीसाठी आणि माणसांसाठी जवळपास पूर्ण, वेळापत्रकासाठी निम्मे, कार्यालयीन कारभारासाठी एकच. नव्याने जाणाऱ्यांनी नाव जरूर नोंदवावे. अर्जात आपल्याच देशाच्या मेंटॉरचा आग्रह धरू नये; भाषेची अडचण फार मोठी असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्याच भेटीत दुसऱ्या सत्रातली एक तारीख मागून घ्यावी आणि ती दोघांच्याही फोनमध्ये तिथल्या तिथे नोंदवावी. मेंटॉर सुट्टीवर किंवा परगावी गेल्यास कोणाशी बोलायचे त्या माणसाचे नाव विचारावे, नुसत्या कार्यालयाचा पत्ता घेऊन समाधान मानू नये. ज्यांना फक्त मैत्री हवी आहे त्यांनी बडी पद्धतीकडे आणि ज्यांचा एखादा विषयच अडला आहे त्यांनी अभ्यासगटाकडे वळावे.

यंदाच्या मेंटॉरसाठीच्या अर्जात ‘आपण किती मेंटी स्वीकाराल’ असा नवा रकाना आला आहे. मी तिथे दोन लिहिले आहे, आणि शेऱ्याच्या जागी दुसऱ्या सत्रातल्या भेटीसाठी दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार सुचवला आहे. कार्यालयाकडून पोचपावतीचे आपोआप जाणारे उत्तर आले आहे. माणसाचे अजून यायचे आहे.